दुसऱ्यातून तिसऱ्यात

सुभेदार घोरपडे यांनी डाव्या पायातला बूट काढला, मोजा त्यात कोंबला आणि बूट माझ्या हातात दिला.

"धरा, मगदूम. मध्ये चामडं असलं की गियर खोटं बोलतो."

घोरपडे हे पुण्याच्या एका मोटारसायकल कंपनीचे चाचणी-स्वार. त्याआधी सतरा वर्षे त्यांनी सैन्यात मोटारसायकलवरून डाक पोहोचवली होती. कंपनी मोटारसायकली बनवीत असे, आणि त्यांतला गियरबॉक्स तेवढा आम्ही, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला शहाऐंशी माणसांचा एक कारखाना, बनवीत असू. दुसरे काहीच आम्ही बनवीत नव्हतो. ही गोष्ट १९८४ च्या मार्चमधली. मी तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला, एकोणतीस वर्षांचा, आणि तपासणी विभागाचा प्रमुख होतो.

घोरपड्यांनी अनवाणी डावा पाय गियरच्या दांडीवर ठेवला आणि ते तासगाव रस्त्याला लागले. आमचे व्यवस्थापक देवधरसाहेब घड्याळाकडे पाहत उभे राहिले. मी बूट धरून उभा राहिलो.

बाराव्या मिनिटाला ते परतले.

"काय म्हणता, सुभेदार?" देवधरसाहेबांनी विचारले.

"म्हणायचं काय? पहिल्यातून दुसरा, ठीक. तिसऱ्यातून चौथा, ठीक. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मात्र मध्ये उंबरा लागतो. अंधारात ठेच लागावी तसा. गेल्या वर्षापर्यंत तुमच्या गियरबॉक्सला तिथं नुसता पडदा होता हो! सारला की आत."

"आठही गाड्यांना?"

"आठही. या गाड्या इथंच ठेवून जातो." त्यांनी माझ्या हातातला बूट घेतला, पण घातला नाही. "देवधरसाहेब, गेल्या महिन्यात एकदा झालं, आज दुसऱ्यांदा. आमच्या वरच्यांनी स्पष्ट सांगितलंय. पुढच्या शनिवारी शेवटची चाचणी. तेव्हाही ठेच लागली तर हे काम दुसऱ्या कारखान्याकडं जाणार. मला वाईट वाटेल, पण माझा पाय मला फसवता येत नाही."

ते गेल्यावर देवधरसाहेब माझ्याकडे वळले. "मगदूम, तुमचा तक्ता काय म्हणतो?"

"एका गियरबॉक्सची बासष्ट मापं, साहेब. बासष्टही मर्यादेत आहेत."

"मग ही ठेच कोणत्या रकान्यात बसते?"

 शहाऐंशी माणसांची नोकरी त्या उत्तरावर अवलंबून होती आणि माझ्यापाशी सात दिवस होते.

गियर कसा बदलतो, हे येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. स्वाराचा पाय दांडी दाबतो किंवा उचलतो तेव्हा आत मुठीएवढे एक पोलादी नळकांडे थोडेसे फिरते. त्याला आम्ही ड्रम म्हणत असू. ड्रमच्या अंगावर नागमोडी खाच कोरलेली असते आणि खाचेत एक लहान खिळी बसलेली असते. खाच काही अंतर सरळ जाते, मग वळते. ती वळली की खिळी बाजूला सरकते आणि आपल्याबरोबर गियरला सरकवते. सगळी करामत एवढीच. दुसऱ्यातून तिसऱ्यात नेणारे वळण सर्वांत तीव्र असते.

सोमवारी मी पोलादापासून सुरुवात केली. तक्रारी फेब्रुवारीत सुरू झाल्या होत्या आणि फेब्रुवारीतच आमच्याकडे नव्या पुरवठादाराचे पोलाद येऊ लागले होते. संशयाला जागा अगदी योग्य होती. मी चौदा तुकड्यांचे काठिण्य तपासले. पोलाद निर्दोष निघाले. जुन्यापेक्षा किंचित सरसच.

मग मी जुळणी विभागातल्या प्रत्येक बाकाशी गेलो. तेथे माझे स्वागत कसे होई, हे लपवण्याचे कारण नाही. त्या जानेवारीत मी 'मोकळे बाक' नावाची शिस्त लागू केली होती. बाकावर कंपनीने दिलेल्या हत्यारांखेरीज काहीही असू नये, असा तो नियम. मी स्वतः टोपली घेऊन फिरलो होतो आणि तुटक्या कानशी, घासलेले चमचे, पितळी पट्ट्या, तंबाखूच्या डब्या गोळा केल्या होत्या. प्रत्येकाला रीतसर पावती दिली होती आणि सर्व ऐवज माझ्या खोलीतल्या हिरव्या कपाटात कुलूपबंद केला होता. भिंतीवर माझ्या सहीची सूचनाही लावली होती.

"या, साहेब!" पहिल्या बाकावरचा आण्णू खोत म्हणाला. "आज काय न्यायचं? पाना राहिलाय आणि मी राहिलोय."

"याला नका नेऊ," पलीकडून कोणीतरी म्हणाले, "कपाटाचं दार लागायचं न्हाई." आण्णूच्या पोटाकडे पाहून सगळे हसले.

शेवटच्या बाकावर दस्तगीर शिकलगार बसत. पंचावन्नच्या पुढचे, अंगाने शिडशिडीत, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. कारखान्यात तयार होणारा प्रत्येक ड्रम त्यांच्या हातून गियरबॉक्समध्ये बसत असे. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणत असे.

"चाचा, ड्रम बसवताना अलीकडे काही वेगळं जाणवतं का?"

त्यांनी हातातला ड्रम खाली ठेवला. "साहेब, कागदावर लिहिलंय तसं बसवतोय."

"पूर्वी कसं होतं?"

"पूर्वीबी कागद हाच होता." एवढे बोलून त्यांनी पुढचा ड्रम उचलला. मी वहीत लिहिले, 'बाक क्र. नऊ, फरक नाही.'

मंगळवारी मी एक जुना, चांगला गियरबॉक्स शोधून काढला. कवठेमहांकाळच्या एका पशुवैद्यांची मोटारसायकल आमच्याच गियरबॉक्सची होती. तीन वर्षांत चाळीस हजार किलोमीटर फिरलेली. ती मागून आणली आणि सुभेदारांचे स्मरण ठेवून बूट काढून मी ती चालवली. दुसरा गियर, वेग, क्लच, आणि बोटाने दांडी उचलली. काहीच झाले नाही. मला वाटले, गियर पडलाच नाही. मग ध्यानात आले की यंत्राचा स्वर खाली उतरला आहे आणि गाडी केव्हाच तिसऱ्यात धावते आहे. मी रस्त्याच्या कडेला थांबलो. आमच्याच कारखान्यातला, माझ्याच तक्त्याने तपासलेला तो गियरबॉक्स होता आणि मी तो आयुष्यात प्रथमच चालवून पाहत होतो.

तो खोलला. बासष्ट मापे घेतली. नव्यात आणि त्यात नोंदण्याजोगा फरक नव्हता. भिंगाखाली मात्र ड्रमच्या खाचेत, वळण सुरू होते त्या कोपऱ्यावर, तांदळाच्या दाण्याएवढी चकाकी दिसली.

झीज, असा निष्कर्ष मी काढला. चाळीस हजार किलोमीटरांत खिळी घासून कोपरा गुळगुळीत झाला असणार. याचा अर्थ नवे गियरबॉक्सही आधी पुरेसे चालवून घेतले की झाले. मी लगेच एक गियरबॉक्स विजेच्या मोटारीला जोडला आणि बुधवारी दुपारपर्यंत अखंड चालवला. खोलला तेव्हा कोपरा होता तसाच धारदार होता. उंबरा जिथल्या तिथे.

त्या दुपारी मी भांडारात गेलो. तेथे सुट्या विक्रीसाठी ऑक्टोबरात बांधून ठेवलेला एक गियरबॉक्स मेणकागदात गुंडाळून पडला होता. तो एकदाही फिरला नव्हता. त्याच्यात तेलसुद्धा घातलेले नव्हते. मी तो तेथेच फळीवर खोलला आणि ड्रम खिडकीच्या उजेडात धरला.

कोपऱ्यावर तांदळाच्या दाण्याएवढी चकाकी होती.

जे यंत्र कधी चाललेच नाही, त्याच्यात झीज कोठून आली? मी बराच वेळ भिंग डोळ्याशी धरून उभा राहिलो. ही झीज नव्हती. हे कोणीतरी हाताने केलेले काम होते. बांधणीच्या चिठ्ठीवर ड्रम बसवणाऱ्याचे नाव होते, द. म. शिकलगार.

गुरुवारी वसाहतीत वीज नसे, म्हणून कारखान्याला सुटी असे. मी ड्रम रुमालात बांधला आणि बसने मिरजेला गेलो.

तंतुवाद्ये बनवणाऱ्यांच्या त्या गल्लीत दस्तगीरचाचांच्या थोरल्या भावाचे, हुसेनभाईंचे, दुकान होते. छताला भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुसा. हुसेनभाई एका तंबोऱ्याच्या घोडीवर बारीक कानस फिरवत होते आणि चाचा शेजारी बसून तार छेडत होते. मला पाहताच ते उठले.

"साहेब? सुटीच्या दिवशी? काय इपरीत न्हाई न्हवं?"

"बसा, चाचा. एक वस्तू ओळखायची आहे." मी रुमाल सोडला.

त्यांनी ड्रम हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे मिटून अंगठ्याचे नख खाचेतून फिरवले. "दिवाळीच्या आधीचा हाय," ते म्हणाले. "माझाच." मग त्यांचा चेहरा उतरला. आपण काय बोलून बसलो, हे त्यांना कळले होते.

"कोपरा तुम्ही घासता?"

चाचांनी ड्रम रुमालावर ठेवला. हुसेनभाईंनी कानस खाली ठेवली. "सांग की रे. साहेब घरापतुर आलेत."

"सांगू कसं? भिंतीवर लिवलंय ते तुला सांगितलं न्हवं मी?" चाचा माझ्याकडे वळले. "साहेब, तुमच्या सहीची सूचना हाय. कठीण केलेल्या पोलादाला जो कुणी बाकावर कानस किंवा दगड लावील, तो कामावरनं जाईल. तीन वर्षं राहिलीत माझी."

मला त्या सूचनेतले शब्द पाठ होते. ते मीच घडवले होते, दोनदा खाडाखोड करून.

"कधीपासून करत होता?"

"पहिल्या दिवसापासनं. अकरा वर्षं झाली. पहिला ड्रम हातात घेतला, खिळी फिरवून बघितली, तर वळणावर खट्ट! कानाला सोसवंना, साहेब. बेसूर तार ऐकून आमच्यात कुणी जेवत न्हाई." त्यांनी तंबोरा माझ्याकडे वळवला. "हे बघा. तार घोडीवर टेकते ती जागा सपाट ठेवली तर आवाज मुका. फार उतरती केली तरी मुका. उतार असा पाहिजे की आपण कुठं टेकलो आणि कुठं सुटलो, हे तारेला कळूच नये. याला जवारी म्हणतात. हुसेनभाई, वाजव."

हुसेनभाईंनी तारेखालचा दोरा केसभर पुढे सरकवला आणि बोट लावले. त्या एका तारेतून असा काही नाद उठला, की छताला टांगलेले भोपळेही त्याच्याबरोबर बोलू लागले.

"आमचे आजे-पणजे तलवारींना धार लावायचे," चाचा म्हणाले. "तलवारी गेल्या, तंबोरे आले. मला पोलादच आवडायचं, म्हणून मी कारखान्यात आलो. खिळीचंबी तेच हाय. सरळ वाट कुठं संपली आणि वळण कुठं लागलं, हे खिळीला कळता कामा नये."

"आणि जानेवारीपासून हे बंद आहे."

"तुम्ही टोपली घेऊन आला. मी दगड दिला, बांबूची काडी दिली, दोऱ्याचं रीळ दिलं. दोरा कशाला, असं तुम्ही विचारलं, तर मी म्हणालो, बटण तुटलं तर लावायला. तुम्ही हसला आणि पावती फाडली."

मला तो प्रसंग आठवला. मी खरेच हसलो होतो. चार दिवस मी सारा कारखाना, पोलाद आणि परगावची मोटारसायकल उलटीपालटी करून जे शोधत होतो, ते माझ्या पाठीमागच्या हिरव्या कपाटात होते आणि किल्ली माझ्या खिशात होती.

"मला सांगायचं होतं, चाचा. सोमवारी मी विचारलं तेव्हा तरी."

"तुम्ही विचारलं, काय वेगळं जाणवतं का. मी कागदाबरहुकूम करत होतो, तेच सांगितलं." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "आणि खरं सांगू? मला वाटलं, तुम्ही शिकलेले. माझ्या घासण्यानं काय व्हतंय न्हाई, हे तुम्हांस्नी ठाऊक असणार. म्हातारा उगंच अकरा वर्षं घासत बसला, असंच मला वाटाय लागलं होतं."

ते वाक्य मी वहीत लिहिले नाही. तरी आज चाळीस वर्षांनी त्यातला एकही शब्द मी विसरलेलो नाही.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी हिरवे कपाट उघडले. चाचांनी खिशातून घडी केलेली पावती काढून माझ्यापुढे धरली. "एक दगड, एक काडी, एक रीळ. बघून घ्या." मी पावती घेतली आणि वस्तू दिल्या. ते हसले नाहीत, मीही हसलो नाही.

सुभेदारांच्या आठ गाड्यांचे गियरबॉक्स आम्ही रात्रपाळीच्या माणसांकडून खोलून घेतले होते. आठ ड्रम बाकावर मांडले होते. चाचांनी पहिला ड्रम घेतला. रेशमी दोरा खाचेतून घालून हलकेच ओढला. वळणावर दोरा अडखळला, त्याचा एक तंतू सुटून कोपऱ्याला लटकला. मग त्यांनी काडीच्या टोकाला बसवलेला तो बोटभर दगड तेलात बुडवला आणि कोपऱ्यावर पाच वेळा फिरवला. पुसले, दोरा ओढला. पुन्हा तीन वेळा. मग एकदाच, इतक्या हलक्या हाताने की दगड टेकला की नाही याची मला शंका आली. या वेळी दोरा पाण्यातून जावा तसा निघून आला. खाचेत खिळी ठेवून त्यांनी ड्रम माझ्या हातात दिला. मी फिरवला. खिळी एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली होती. केव्हा गेली, ते माझ्या बोटांना सांगता आले नाही.

मी डायल लावून मोजले. कोपऱ्यावरून निघालेले पोलाद मिलिमीटरच्या शंभर भागांपैकी तीन भाग, म्हणजे केसाच्या निम्म्याहून कमी होते. वरचा कठीण थर त्याच्या दसपट जाड असतो. त्याला काही धोका नव्हता.

माझ्या मनात आले, एवढेच असेल तर यंत्रावर का होऊ नये? मी दुसरा ड्रम घेतला, घासणीच्या यंत्रावर चढवला आणि कोपरा बरोबर तेवढ्याच मापाने, अचूक वर्तुळाकार गोल केला. तासभर लागला. काम देखणे झाले होते. मी तो चाचांच्या बाकावर इतर ड्रमांत मिसळून ठेवला.

त्यांचा हात त्याच्यापाशी आला, नख फिरले आणि थांबले. "हा कुणी केला?"

"का? काय झालं?"

"गोल केलाय, साहेब. गोल केलं की एका कोपऱ्याचे दोन होतात. सरळ संपून गोल सुरू होतंय तिथं एक, आणि गोल संपतंय तिथं दुसरा. लहान हायत, पर हायत." त्यांनी दगड घेऊन ते दोन्ही मोडले.

मी उभा होतो तेथेच बसलो. तंत्रनिकेतनात तिसऱ्या वर्षी आम्हांला एक प्रश्न असे. रेल्वेचा रूळ सरळ मार्गावरून एकदम वर्तुळात का नेत नाहीत? कारण जेथे सरळ आणि वर्तुळ जुळतात तेथे डब्याला धक्का बसतो. म्हणून मध्ये हळूहळू वाढत जाणारा वाक घालावा लागतो. त्याचे समीकरण मी पान भरून लिहिले होते आणि मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. तेच समीकरण हा माणूस केसाच्या निम्म्या जाडीच्या जागेत, डोळे मिटून, नखाने वाचत होता. अकरा वर्षे, दिवसाला वीस ड्रम. साठ हजारांहून अधिक. आणि एवढ्या अवधीत ते कोणाच्याही तक्त्यात आले नव्हते.

सहावा ड्रम चालू असताना देवधरसाहेब आले. बाकावरचा दगड त्यांनी पाहिला.

"शिकलगार! हे काय चाललंय? परवानगी कोणी दिली?"

चाचांचा हात थांबला. मी बगलेतले ड्रॉइंग उघडून बाकावर पसरले.

"ड्रॉइंगनं दिली, साहेब. खाली बारीक अक्षरांत टिपा आहेत. चौथी टीप वाचा. 'सर्व तीक्ष्ण कडा मोडाव्यात.' प्रत्येक ड्रॉइंगवर असते, म्हणून आपण ती वाचत नाही. अकरा वर्षं ती फक्त यांनी पाळली."

"मग फेब्रुवारीपासून काय झालं?"

"बंदी आली."

"कोणी घातली?"

"मी. यांचा दगड माझ्या कपाटात होता." मी भिंतीवरून काढून आणलेली सूचना ड्रॉइंगवर ठेवली. "खाली माझी सही आहे. ठेच इथली आहे, साहेब."

देवधरसाहेबांनी सूचना वाचली, ड्रॉइंग वाचले. आण्णू खोताच्या बाकावरची हातोडीही थांबली होती. शेवटी ते म्हणाले, "उद्या सुभेदारांच्या पायाला विचारू. त्यानं हो म्हटलं तर हा दगड कारखान्याचा. नाही म्हटलं तर तुमची सूचना लागू करायलाही इथं कोणी उरणार नाही."

शनिवारी घोरपडे आले. बूट काढला, मोजा कोंबला, माझ्या हातात दिला. तासगाव रस्त्याने गाडी दिसेनाशी झाली. पाळीची माणसे जेवणाच्या सुटीचे निमित्त करून फाटकाशी जमली. चाचा मात्र आपल्या बाकावरच बसून राहिले.

बारा मिनिटे झाली. वीस झाली. देवधरसाहेब दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले.

"पडलेबिडले नसतील ना?" ते म्हणाले.

"सुभेदार?" आण्णू म्हणाला. "रस्ता पडंल, त्ये पडायचे न्हाईत."

तासाभराने गाडी परत आली. हेल्मेटखाली सुभेदारांचा चेहरा धुळीने माखलेला होता. ते उतरले, पण बुटासाठी त्यांनी हात पुढे केला नाही.

"दंडोबाच्या डोंगरापर्यंत गेलो," ते म्हणाले. "जायचं नव्हतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकला, कळलं नाही. म्हणून पुन्हा दुसरा घेतला, पुन्हा तिसरा. मग घाट लागला. वर चढताना टाकला, उतरताना टाकला." त्यांनी स्वतःच्या धुळकट पायाकडे पाहिले. "सतरा वर्षं सैन्यात आणि आठ वर्षं कंपनीत. पडदासुद्धा नाही हो! दारच नाही तिथं. कोणी केलं हे?"

त्यांनी राहिलेल्या सात गाड्याही चालवल्या. मग देवधरसाहेबांनी त्यांना हाताला धरून शेवटच्या बाकाकडे नेले. चाचा उठून उभे राहिले.

"तुम्ही?" सुभेदार म्हणाले. "कोणती गाडी चालवता?"

"सायकल."

"मोटारसायकल?"

"न्हाई, साहेब. कधीच न्हाई. मागंबी बसलो न्हाई. भ्या वाटतंय."

सुभेदारांनी चाचांच्या पायांकडे पाहिले. मग त्यांनी चाचांचा हात धरला आणि त्यांना बाहेर अंगणात आणले. गाडी चालू करून, चाचांना पुढे बसवून, ते स्वतः मागे बसले. दोन्ही बाजूंनी हात लांबवून त्यांनी मूठ आणि क्लच धरला.

"वहाणा काढा," ते म्हणाले. "डावा पाय या दांडीखाली. मी सांगेन तेव्हा नुसतं बोटानं उचला. बाकी सगळं माझ्याकडं."

चाचांनी वहाणा काढल्या. आण्णूने आपण होऊन त्या उचलून हातात धरल्या. गाडी फाटकातून हळू निघाली, रस्त्याला लागली. आम्ही सगळे कुंपणाशी उभे होतो. सुभेदारांचा आवाज आला, "आता!" आणि यंत्राचा वरचा स्वर कोठेही न तुटता खाली उतरला.

ते दोघे वळून परत आले तेव्हा चाचा गाडीवरून उतरले नाहीत. चष्मा कपाळावर होता, डोळे मिटलेले होते.

मी जवळ जाऊन विचारले, "कसं वाटलं, चाचा?"

त्यांनी डोळे उघडायला थोडा वेळ घेतला.

"इतकी वर्षं नुसतं नखाला ठाऊक होतं," ते म्हणाले आणि मागे वळून सुभेदारांना म्हणाले, "आणखी एकदा नेता का?"